दिवसा झोपणाऱ्यांची बाजू

आपल्या कायद्यात रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यांत हे लिहिलेलं आहे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल चालतात, रात्री ४५ च्या वर आवाज जाता कामा नये. नियम चांगला आहे. तो नसता तर लग्नसराईत आणि गणपतीत आपल्यापैकी अनेकांचा डोळा लागला नसता. पण सकाळी सहाला नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्राच्या गेटमधून जो बाहेर पडतो, त्याची रात्र तेव्हा कुठे सुरू होते. त्याच्या रात्रीचा या नियमांत उल्लेख नाही.

मी चिंचभवनला राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले, आणि आता वरच्या मजल्यावरच्या खोल्या मिहानमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींना भाड्याने देते. कोणी सॉफ्टवेअर कंपनीत आहे, कोणी विमानांच्या देखभालीत, कोणी गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर, कोणी नर्सिंगमध्ये. पगार वेगवेगळे, भाषाही थोड्या वेगवेगळ्या. गोंदियाचा मुलगा वेगळं बोलतो, यवतमाळचा वेगळं. पण एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी सारखं आहे : "काकू, झोपच नाही होऊन राहिली."

हे वाक्य आपण गांभीर्याने घ्यायला हवं, एवढ्यासाठी हा लेख. झोपेबद्दल आजकाल पुष्कळ लिहिलं जातं. मोबाइल दूर ठेवा, वेळेवर निजा, दूध घ्या. सगळं बरोबर आहे, पण ते रात्री झोपणाऱ्यांसाठी आहे. ज्याला आपण पगार देऊन रात्री जागवतो, त्याने कधी आणि कुठे झोपायचं, हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या सवयींवर सोडून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

मिहानच्या जमिनीवर पूर्वी शेती होती. शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही ही गावं. विदर्भातला शेतकरी रात्री कसा जागत आला आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. कृषिपंपाची लाइन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बाप टॉर्च घेऊन ओलिताला जायचा. पायाखाली साप, डोळ्यांवर झापड, आणि सकाळी पुन्हा बैलांचं करायचं. 'आम्हाला दिवसा वीज द्या' ही मागणी त्या जागरणातून आली, आणि शासनाला ती मान्य करावी लागली. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच मागणीचं उत्तर आहे. शेतकऱ्याला रात्री जागवणं बरोबर नाही, हे आपण धोरण म्हणून कबूल केलं. आता त्याच शेतकऱ्याचा मुलगा न्यूयॉर्कच्या ऑफिसच्या वेळा सांभाळण्यासाठी जागतो. तिथे दुपारचे बारा वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. या मुलासाठी आपण अजून काहीही कबूल केलेलं नाही.

"दिवसा झोपतो ना, मग काय बिघडतं? आठ तास ते आठ तास," असं लोक सहज म्हणतात. तसं नाही. शरीरात एक घड्याळ असतं, आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीत चालू असतं. ते कसं चालतं हे शोधून काढणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तिघांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हे घड्याळ मुख्यतः उजेडावर लागतं. अंधार पडला की मेलाटोनिन वाढतं, शरीराचं तापमान हळूहळू उतरतं, पहाटे चारच्या सुमारास सगळ्यात खाली जातं. उजेड डोळ्यांत शिरला की उलटं सुरू होतं. मे महिन्यात नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो. सहाला सुटलेला मुलगा खापरीवरून दुचाकीने घरी येतो तेव्हा लख्ख उजेड असतो. तो उजेड शरीराला सांगतो, उठ. थकवा सांगतो, झोप. अशी झोप लागते उशिरा आणि मोडते लवकर. रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तास-दोन तासांनी आखूड राहते ती यामुळे, आळसामुळे किंवा शिस्त नसल्यामुळे नव्हे.

त्यात आपलं ऊन. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. मेमध्ये दुपारी पंचेचाळीस अंश हे आपल्याला नवं नाही. २०१३ साली नागपूरने ४७.९ पाहिलं आहे. स्लॅबच्या खालच्या खोलीत दुपारी बारा वाजता झोपायचं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. कूलर आहे, तो विदर्भाचा आधार आहे. त्याचा एकसुरी आवाज बाहेरचे आवाज झाकतो, हा त्याचा दुसरा उपयोग. पण टाकीत पाणी संपलं की कूलर गरम हवा फेकू लागतो आणि मुलगा घामाने जागा होतो. आमच्याकडे सकाळी दहाला टाकी भरून ठेवायचं काम माझं आहे. भाडेकराराच्या कागदात ते नाही, पण मी ते भाड्याचाच भाग समजते. खोल्या भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने निदान एवढं करावं : उत्तरेकडची खोली रात्रपाळीवाल्याला द्या, खिडकीला जाड पडदा लावा, स्लॅबला वरून पांढरा चुना मारा.

अपुऱ्या झोपेचे परिणाम केवळ जांभयांपुरते नसतात. रक्तदाब, साखर, वजन, चिडचिड, उदासी, सगळं तिच्याशी बांधलेलं आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये हृदयाच्या आरोग्याच्या मूलभूत गोष्टींत आहार, व्यायाम यांच्या रांगेत झोपही घेतली. प्रौढ माणसाला सात तास तरी हवेतच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराचं घड्याळ बिघडवणारं पाळीचं काम 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून रात्रपाळीबाबत तेच मत कायम ठेवलं. याचा अर्थ रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाला कर्करोग होतो असा मुळीच नाही. पण धोका ओळखून काळजी घ्यावी लागेल असं हे काम आहे, एवढा अर्थ नक्की आहे.

आपल्या जुन्या वैद्यांना हे कळलं होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्याच्या जोडीला झोप हा शरीराचा तिसरा आधार सांगितला आहे. दिवसा झोपू नये असं आयुर्वेद सांगतो, हे घरोघरी ऐकवलं जातं. पण त्याच ग्रंथात अपवाद आहेत, ते कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात दिवसा झोपायला हरकत नाही, आणि रात्री जागरण झालेल्याने दिवसा झोपावं, असं चरक सांगतो. वाग्भट तर जागरणाच्या निम्मा वेळ सकाळी, जेवणाआधी झोपून घ्यायला सांगतो. तेव्हा 'दिवसाढवळ्या झोपणं अवलक्षण' असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी शास्त्राचा आधार घेऊ नये. शास्त्र सुनेच्या बाजूचं आहे.

सुनेचं मुद्दाम लिहिते. रात्रपाळी करणारा मुलगा सकाळी घरी आला की आई म्हणते, "थकून आला, झोपू द्या त्याला." रात्रपाळी करणारी सून आली की गॅसवर कुकर तिची वाट पाहत असतो. डबे, मुलांची शाळा, देवपूजा, धुणं. ती आडवी होते तेव्हा साडेदहा वाजलेले असतात, आणि दीडला मुलं परततात. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने बायकांना त्यांच्या संमतीने रात्री काम करण्याची मुभा दिली. मालकाने सुरक्षा आणि घरी पोचवण्याची सोय करावी, अशी अटही घातली. त्या कायद्याचं मी स्वागत करते. गाडी तिला दारापर्यंत सुखरूप आणून सोडते. दाराच्या आतलं मात्र कुटुंबालाच करावं लागेल. सकाळचा स्वयंपाक नवऱ्याने करावा. सासऱ्यांनी मुलांना बसपर्यंत सोडावं. यात काहीही अवघड नाही. आमच्याच गल्लीत एका घरी हे अगदी सुरळीत चाललेलं मी रोज पाहते.

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी असली की खेडेगावात गाडी लावून तिच्यातच झोपायचं, पहाटे पहिल्या फेरीला निघायचं. डासांत, थंडीत. तरी ते सांगतात की मुक्कामाची झोप कशीही असली तरी झोप असते. रातराणीवर पहाटे दोन ते पाच हा वेळ वैऱ्याचा. डोळे उघडे असतात आणि मधला एक किलोमीटर आठवतच नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. साठ वर्षांपूर्वी हे लिहून ठेवणाऱ्यांना रस्ता कळत होता. आता शिवमडक्यापासून समृद्धी महामार्ग सुटतो. सातशे एक किलोमीटर, सरळ, गुळगुळीत, ना गाव ना गर्दी. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या बसमध्ये २५ माणसं जळून गेली. त्या अपघाताच्या कारणांवर टायर, डुलकी, दारू अशी पुष्कळ चर्चा झाली. त्याचा निवाडा मी करणार नाही. मला त्यातली वेळ विसरता येत नाही : रात्री दीडचा सुमार.

दुसरी वेळ सकाळी सातची, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग सतरा तास जागा असलेला माणूस, शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅम आहे. आता हिशोब करा. दुपारी दोनला उठलेला मुलगा रात्री नऊला कामावर चढला, सहाला सुटला, टपरीवर चहा घेतला आणि सातला वर्धा रोडवर दुचाकीवर आहे. त्याचे सतरा तास नेमके तिथे भरतात. त्याने थेंबभरही घेतलेली नाही, तोंडाला यंत्र लावलं तर शून्य दाखवेल, आणि तरी तो रस्त्यावर धोक्यात आहे. म्हणून माझं सांगणं आहे की रात्रपाळीवाल्याला घरी सोडायची गाडी मुलींपुरती राहू नये; ती मुलांनाही मिळावी. जिथे गाडी नाही, तिथे सुटल्यावर वीस मिनिटं आडवं होता येईल अशी एक अंधारी खोली तरी कंपनीने द्यावी.

वैमानिकाची झोप सरकार मोजतं. जानेवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास केली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचवरून सहापर्यंत वाढवली, आणि रात्रीच्या कामात सहा लँडिंगऐवजी दोनच करता येतील असं ठरवलं. विमान कंपन्यांना ते जड गेलं आणि अंमलबजावणीत ओढाताण झाली. तरी तत्त्व मान्य झालं : थकलेल्या माणसाच्या हाती लोकांचे जीव देऊ नयेत. त्याच विमानाचे नटबोल्ट तपासणाऱ्याची, त्याच विमानतळाबाहेर टॅक्सी घेऊन उभ्या असलेल्याची आणि पलीकडच्या वॉर्डात सलाइन लावणाऱ्या परिचारिकेची झोप याच काटेकोरपणे का मोजू नये?

सवयींचं म्हणाल, तर त्या महत्त्वाच्या आहेतच. माझ्याकडे राहून गेलेल्या एका नर्सिंगच्या मुलीने आमच्या घराला त्या लावल्या. ती घरी येताना काळा गॉगल लावायची, पावसाळ्यातही. उजेड डोळ्यांत कमी शिरावा म्हणून. खिडकीला तिने काळा चार्ट पेपर चिकटवला होता. रात्री दोननंतर चहा बंद. चहा-कॉफीतलं कॅफिन मेंदूतला थकव्याचा निरोप अडवतं, आणि पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं शरीरात शिल्लक असतं. पहाटे पाचचा कडक चहा अकरापर्यंत डोळा लागू देत नाही. सकाळी गेटबाहेरचे तर्री-पोहे तिने सोडले होते, नुसते पोहे किंवा दूध-पोळी खायची. तिखट तर्री पोटात घेऊन आडवं झालं की छातीत जळजळ ठरलेली. मग आंघोळ, आणि मोबाइल स्वयंपाकघरात माझ्याकडे. अलार्म वाजवायला तिने साधं घड्याळ आणलं होतं.

तिची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट सुटीच्या दिवसाची होती. रात्रपाळीची मुलं सुटी आली की एकदम दिवसाची माणसं होतात, रात्री झोपतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा शरीराला उलटं फिरवतात. ती तसं करत नसे. सुटीच्या दिवशीही सकाळी आठ ते बारा हे चार तास झोपेसाठी राखून ठेवायची, उरलेली झोप सोयीने रात्री घ्यायची. निदान चार तास रोज एकाच वेळी, म्हणजे शरीराला टेकायला एक ठाम जागा. सलग सात तास मिळत नसतील तर सकाळी साडेपाच तास आणि कामावर जाण्यापूर्वी संध्याकाळी दीड तास, हीसुद्धा झोपच आहे. आणि एवढं सगळं पाळूनही महिनोन्‌महिने झोप लागत नसेल, किंवा झोपेत जोरात घोरून श्वास अडकत असेल, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नये.

पण एका मुलीने खिडकीला कागद चिकटवला, तरी खाली मंगल कार्यालयाचा बॅन्ड सकाळी अकराला थांबत नाही. पाळ्यांचं वेळापत्रकही तिच्या हातात नसतं. आज सेकंड, परवा नाईट, पुन्हा फर्स्ट, अशा रोस्टरपुढे कोणतीही सवय टिकत नाही. पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने बदलाव्यात. शरीराला ते सोपं जातं. दोन पाळ्यांमध्ये सलग अकरा तासांची विश्रांती युरोपीय संघाने कायद्यानेच दिली आहे. आपल्याकडे मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाची रोजची मर्यादा नऊवरून बारा तास करायला मान्यता दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तीच राहील, जादा कामाला जादा पैसे मिळतील, असं सांगितलं गेलं. ते धरूनही मी विचारते : बारा तास काम, बुटीबोरी किंवा मिहानपर्यंत जाण्यायेण्याचे दोन, जेवण-आंघोळ-घरकामाचे तीन. उरले सात. या सात तासांत मुलांशी बोलणंही आहे. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. तो मागे घेतला जावा.

याच राज्याने झोपेचं महत्त्व दोनदा मान्य केलेलं आहे. लहान मुलांची झोप होत नाही म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचा आदेश निघाला. सातच्या शाळेत बाकावर माना टाकलेली मुलं मी इतकी वर्षं पाहिली आहेत की तो आदेश वाचून मला भरून आलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, रात्रभर चौकशीसाठी बसवून ठेवलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे असं स्पष्ट म्हटलं. मुलांना मिळालं, चौकशीला बसवलेल्या माणसाला मिळालं. रात्री राबणाऱ्याला मिळायचं आहे.

आमच्या वसाहतीच्या पुढच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. ज्या घरात रात्रपाळी आहे त्या दारावर तशी पाटी लावायची, आणि पाटी असेल तिथे सकाळी आठ ते दुपारी तीन बेल वाजवायची नाही. पार्सल, सिलिंडर, पेपरचं बिल शेजारच्यांनी घ्यायचं. ड्रिलिंग, फरशी कापणं ही कामं दुपारी तीननंतर. आणि वसाहतीच्या हॉलमधला लाउडस्पीकर दिवसाही ४५ डेसिबलच्या आत ठेवायचा. शेवटच्या मुद्द्याला विरोध होईल, हे मला माहीत आहे. बारशाला, हळदीला आवाज हवा, असं म्हणणारे माझेच शेजारी आहेत, आणि त्यांच्या घरच्या कार्याला मी जातेच. बैठक रविवारी सकाळी दहाला ठेवायची पद्धत आहे. ती संध्याकाळी पाचला घ्या, असं मी सचिवांना आधीच कळवलं आहे, म्हणजे ज्यांच्याबद्दल ठरवायचं आहे ती मुलं झोप पुरी करून येऊ शकतील.